बाकीचे काय म्हणतायत?

प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतातच. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतले दुसऱ्या मजल्यावर राहतात. पाहुणे म्हणून गेले आणि चहा की सरबत विचारलं, तर आधी म्हणणार, "बाकीचे काय घेतायत?" टाकीची दुरुस्ती असो की मुलीचं स्थळ, "बाकीचे काय म्हणतायत?" गर्दीचा त्रास होतो म्हणून वर्षभर कुरकुरतील, पण दिवाळीच्या पहाटे नवा कुडता घालून फडके रोडच्या गर्दीत हजर.

स्टेशनवर कोणी जिन्याकडे धावलं की काका त्याच्यामागे धावतात आणि पुलावर धापा टाकत विचारतात, "कुठली आली?" एकदा पुढचा माणूस मुतारीकडे चाललेला निघाला. तोवर काकांच्या मागे आणखी आठ-दहा जण धावत होते.

२१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती दूध प्यायला, तेव्हा काका चमचा घेऊन रांगेत. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं. काकांना रंगाची गरज नव्हती. ओघळ त्यांच्या अनवाणी पायापर्यंत आला होता. पण पुढचा "प्यायला" म्हणाला, म्हणून काकांनीही मागच्याला "प्यायला" सांगितलं. पाय घरी येऊन धुतले.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१च्या सुमारास एका प्रयोगात खोलीत एकच खरा माणूस बसवला, बाकी सगळे पढवलेले. कुठली रेघ कुठल्या रेघेएवढी, एवढाच प्रश्न. शेंबडं पोरही सांगेल. पढवलेले बिनदिक्कत चुकीचं सांगू लागले की सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी एकदा तरी त्यांचीच री ओढली. एक जण जरी खरं बोलला, तरी बहुतेकांना कंठ फुटायचा. काकांना हे सांगितलं. म्हणाले, "तीन-चतुर्थांश ना? मग त्यांचंच बरोबर असेल."

आता हेही सांगायला हवं. २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीच्या रात्री लोकल बंद, बदलापूरकडची माणसं डोंबिवलीत अडकलेली. आमच्या जिन्यात भिजलेले अनोळखी लोक कुडकुडत उभे होते. सगळी दारं बंद, प्रत्येक आयहोलमागे एक डोळा. पहिलं दार उघडलं ते काकांचं. काकूंनी पिठलं-भात टाकला. ते बघून मग एकेक दार उघडत गेलं.

"काका, सुरुवात तुम्ही केलीत," असं नंतर म्हटलं, तर चोरी पकडल्यासारखे दचकले. "छे हो! सगळेच घेत होते घरात."

पुढच्या सभेत 'सर्व सभासदांनी एकदिलाने आसरा दिला' असा अभिनंदनाचा ठराव आला. इतिवृत्तात अनुमोदक म्हणून काकांचंच नाव आहे.