खालापूरचा पूर

मे अखेर आली की कर्जत-खालापुरातला शेतकरी राब भाजून मोकळा होतो आणि कचेऱ्यांमध्ये पीपीटी भाजायला घेतात. ‘मान्सूनपूर्व आढावा’ असं तिचं पूर्ण नाव. अशाच एका आढाव्याला मागच्या खुर्चीवर बसण्याचा योग आला. विषय होता कर्जत आणि खालापूर, हे दोन तालुके. पडद्यावर मात्र गेल्या वर्षीच्या पावसाचा अख्ख्या जिल्ह्याचा तक्ता होता. म्हणजे त्यातला पडद्यावर मावला तेवढा.

आता हिशोब बघा. रायगडचे तालुके 15. पावसाच्या तक्त्यात माथेरानची ओळ वेगळी धरतात, झाल्या 16. वर मथळा, खाली ‘एकूण’ आणि ‘सरासरी’, झाल्या 19. पॉवरपॉइंट नव्या तक्त्यात एका ओळीला साधारण 0.4 इंच उंची देतं. 19 गुणिले 0.4 म्हणजे 7.6 इंच. स्लाइडची उंची साडेसात. शीर्षक, बोधचिन्ह आणि साहेबांचा फोटो लावायच्या आधीच तक्ता खाली लोंबणार, हे चौथीतल्या पोरानेही सांगितलं असतं. पण चौथीतल्या पोरांना आढावा बैठकीला बोलावत नाहीत.

लोंबलं काय? माथेरान, एकूण आणि सरासरी. टेबलाखालून बरंच काही जातं हे ऐकून होतो. माथेरानचा सगळा पाऊस गेलेला प्रथमच पाहिला.

वर जे दिसत होतं त्याचीही कथा न्यारीच. महिने, एकूण, टक्केवारी, शेरा असे नऊ रकाने कोंबल्यामुळे तालुक्यांच्या नावांना जागा उरली नव्हती. शब्द मावला नाही की पॉवरपॉइंट तो मध्येच तोडून खाली टाकतं. त्यामुळे ‘पोलाद’ एका ओळीत आणि ‘पूर’ पुढच्या ओळीत. तसंच ‘खाला’ आणि खाली ‘पूर’. पावसाच्या तक्त्यात दोन ठिकाणी पूर आला आणि त्या पुराने ओळींची उंची दुप्पट केली. एवढं सगळं सोसून ‘शेरा’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: निरंक.

संगणक परिचालक बिचारा पोरगा. रात्री अकरापर्यंत बसून त्याने हे केलेलं. ‘दादा, माझ्या लॅपटॉपवर बरोबर दिसत होतं.’ दिसत असणारच. त्याने घरी जुन्या कृतीदेव फॉन्टमध्ये काही स्लाइड केल्या होत्या, बैठकीच्या संगणकावर तो फॉन्ट नाही. तिथे ‘कर्जत’ म्हणजे इंग्रजी डी, टी, झेड, आर. आकडे तेवढे शाबूत. कुठला पाऊस ते कळेना, किती पडला ते कळलं.

मग सुरू झाली भर सभेतली शस्त्रक्रिया. पोराने तक्त्याचा कोपरा धरून वर ओढला. तक्ता हलेना. हलणार नाही, कारण कोपरा ओढून अक्षरं लहान होत नसतात, आणि अक्षरांपेक्षा ओळ बुटकी होत नसते. त्याने मजकुराची अक्षरं बारीक केली, तरी ओळी तेवढ्याच उंच. याचं कारण मला माझ्या मुलीने एकदा दाखवलं होतं: रिकाम्या चौकोनात मजकूर नसला तरी अक्षराचा आकार असतो, मुळातला 18. एक रिकामा चौकोन अख्खी ओळ अडवून धरतो. (कचेरीतल्या रिकाम्या खुर्चीची उपमा तुम्हाला सुचली असेल; मी देत नाही.) उपाय सोपा. एखादी ओळ नाही, अख्खा तक्ता निवडायचा आणि मग आकार बदलायचा. चौकोनाच्या आत वर-खाली जे समास असतात ते शून्यावर आणायचे. मंगल फॉन्ट वेलांट्या-मात्रांसाठी ऐसपैस जागा घेतो, तो बदलायचा. ‘अ.क्र.’ हा रकाना तर उडवायचाच. कर्जत जिल्ह्यात कितवं, याने पावसाला फरक पडत नाही.

हे सांगायला मी उठेपर्यंत पोराने घाव घातला होता. अक्षर 8. तक्ता मावला. ‘दिसतंय ना?’ असं विचारल्यावर सगळ्यांनी ‘दिसतंय’ म्हटलं. दिसत होतंच. वाचता येत नव्हतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं. पुढची स्लाइड.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण 19 जुलै 2023 च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड आली. गाव झोपलं होतं. इर्शाळगड आणि माथेरान काही लांब नाहीत, ढग दोघांना एकच. पावसाच्या तक्त्यातली माथेरानची ओळ म्हणूनच शोभेची नव्हे. तीच पडद्याबाहेर, आणि पडद्यावर आली तेव्हा मुंगीएवढी.

पोराला दोष देऊ नका. त्याला ‘सगळी माहिती टाक’ असं सांगितलं होतं, त्याने सगळी टाकली. ज्यांनी सांगितलं त्यांना एक विनंती. माथेरान कर्जत तालुक्यातच आहे, त्याला तक्त्याच्या तळाला श्रीवर्धनच्या पायाशी बसवू नका. दोन तालुक्यांच्या बैठकीला कर्जत, त्याखाली माथेरान, त्याखाली खालापूर एवढ्या तीन ओळी पुरतात. मथळा धरून चार. 18 च्या अक्षरात उंची 1.6 इंच. साहेबांच्या फोटोलाही जागा उरते.