सात तारा

रविवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर डी ड्राइव्ह गायब. सी जागेवर, पण डी नावाचं कुणी या घरात कधी राहिलंच नव्हतं असा एकूण आविर्भाव. बायकोला सांगायची हिंमत होईना. तिच्या माहेरचे सगळे अल्बम त्या डिस्कवर. 2018 च्या दिवाळीत सांगलीहून पिशवी भरून साताऱ्याला आणले, स्कॅन केले, नेऊन परत दिले. पुढच्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि मूळ अल्बमांचा लगदा झाला. पाणी साताऱ्याकडून सांगलीला जातं. फोटो तेवढे उलटे येऊन वाचले होते.

गच्चीवर जाऊन मेहुण्याला फोन लावला. पुरानंतर चिखलानं भरलेले सीपीयू उघडत बसलेला माणूस.

"दाजी, आतून टकटक वाजतंय का?"

"नाही."

"मग बरंय. साटा केबल बघा."

ही केबल 2003 च्या सुमारास आली आणि जुनी रुंद पट्टी हळूहळू गेली. हिच्यात बरोबर सात तारा असतात. सातारकराला याहून जवळची केबल मिळायची नाही! त्यातल्या चार तारा माहिती वाहतात, तीन नुसत्या ग्राउंडच्या. (आमच्या सोसायटीच्या कमिटीतही साधारण हेच प्रमाण.) काढली, फुंकली, लावली. डीव्हीडीची काढून तीही लावून पाहिली. बायोस उघडलं, तर पाचव्या पोर्टपुढे 'नॉट प्रेझेंट'.

"काल काही नवीन बसवलंय का?"

डॉक्टर 'बाहेरचं काय खाल्लं' विचारतात, तोच सूर. खाल्लं होतं. शनिवारी रात्री हौसेनं एम.2 ची नवी पट्टी मदरबोर्डात खोचली होती. अनेक मदरबोर्डांवर ती जागा भरली, की एखादा साटा पोर्ट गुपचूप बंद होतो. दोघांची आतली वाट एकच असते. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. पुस्तिका खोक्यात, खोकं माळ्यावर.

केबल दुसऱ्या पोर्टात लावली. डी आली. सासूबाई नऊवारीत, 1974 सालच्या, जशाच्या तशा.

"दाजी, आता एक कॉपी इकडं पाठवा," मेहुणा म्हणाला. "वरच्या मजल्यावर ठेवतो."