राहुरीची खबरबात

खरिपाच्या पेरण्या उरकल्या की आमच्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर कृषिकन्या अवतरतात. ‘कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’. दुसऱ्या दिवशी ‘कृषिदूतांकडून बोर्डो मिश्रणाबाबत मार्गदर्शन’. तिसऱ्या दिवशी निंबोळी अर्क. मथळ्यातलं गाव तेवढं बदलतं, बाकी मजकूर तसाच. खाली फोटो. फोटोत सात मुली, एक बादली आणि दोन शेतकरी, त्यातले एक सरपंच. बातमीत मात्र ‘यावेळी शेतकरी मोठ्या संख्येने उपस्थित होते’. मग सातही जणींची नावं, प्राचार्यांचं नाव, समन्वयकांचं, कार्यक्रम अधिकाऱ्यांचं, विषयतज्ज्ञांचं, आणि या सगळ्यांचं मिळून ‘मोलाचे मार्गदर्शन लाभले’. एवढं झाल्यावर बोर्डो मिश्रणात मोरचूद किती आणि चुना किती, हे छापायला जागा उरत नाही.

(म्हणून इथंच सांगून टाकतो. एक टक्क्याचं मिश्रण करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही निरनिराळ्या भांड्यांत विरघळवायचं आणि मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडलाय. भांडं मात्र लोखंडाचं नको.)

ही मुलं-मुली बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाची. अभ्यासक्रमात त्याला ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ असं भारदस्त नाव आहे, मुलं त्याला ‘रावे’ म्हणतात. काही महिने एखाद्या गावात राहायचं, शेतकऱ्याच्या मागं मागं रानात हिंडायचं आणि शिकलेलं त्याला करून दाखवायचं. आता ज्या माणसानं चाळीस वर्षं सोयाबीन नाहीतर बाजरी पेरली, त्याला एकवीस वर्षांच्या मुलीनं बियाणं कसं चोळावं हे सांगायचं, म्हणजे दोन्हीकडून अवघडच. पण आमच्याकडचे म्हातारे अशा वेळी फार समजूतदार असतात. ‘सांग बाई सांग,’ म्हणत मांडी घालून बसतात. मुलगी सांगते, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम, हा क्रम चुकवायचा नाही. बाबा मान डोलावतात. प्रात्यक्षिक संपलं की ते हळूच विचारतात, ‘पोरी, जेवलीस का?’ हेही कार्यानुभवातच धरायला हरकत नाही, पण त्याला गुण नाहीत.

हे सगळं आठवायचं कारण असं, की कुठल्याही विद्यापीठाची बातमी सहसा त्याच्या आवारातच जन्मते आणि तिथंच विझते. परीक्षा पुढं गेली, वसतिगृहाची फी वाढली, अमक्या विभागाचे प्रमुख बदलले, ग्रंथालय रात्री किती वाजता बंद होणार. फाटकाबाहेरच्या माणसाला त्यातलं काही कळत नाही आणि कळावं अशी त्याची इच्छाही नसते. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ याला अपवाद आहे. त्याची बातमी फाटकाबाहेर पडल्याशिवाय बातमीच होत नाही.

या विद्यापीठाची स्थापना झाली 1968 साली. तेव्हा ते अख्ख्या महाराष्ट्राचं एकच होतं. पुढच्या वर्षी अकोल्याचं वेगळं झालं, 1972 मध्ये परभणी आणि दापोलीचं झालं, आणि राहुरीच्या वाट्याला दहा जिल्हे उरले. उरले म्हणताना जीभ चावावी असा तो पसारा आहे. नंदुरबारच्या सातपुड्यातली कोरडवाहू जमीन, जळगावची केळी, नाशिकचा कांदा-द्राक्ष, सोलापूरची ज्वारी, कोल्हापूरचा ऊस आणि मधोमध आमचा नगर जिल्हा, ज्याच्या एका टोकाला अकोल्याच्या डोंगरात भात लावतात आणि दुसऱ्या टोकाला जामखेड-कर्जतकडं टँकरची वाट बघतात. (हे अकोलं आमचं, तालुक्याचं. विद्यापीठाचं अकोला विदर्भातलं. बाहेरच्या पाहुण्याची यात हमखास गल्लत होते.)

आवाराच्या आतल्या बातम्याही आहेतच, नाही असं नाही. परिपत्रकं आहेत. परिपत्रक ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ सुरू होतं आणि ‘याची सर्वांनी नोंद घ्यावी’ इथं संपतं. मधल्या भागात काय आहे ते शेवटी शिपाईमामांनाच विचारावं लागतं. जगातल्या कुठल्याही आवारात हा एक माणूस असतोच. सही व्हायच्या आधी त्याला मजकूर ठाऊक असतो. हल्ली हे काम मोबाईलवरच्या ग्रुपांनी करायला घेतलंय, पण ते मामांच्या पासंगाला पुरत नाहीत. ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी परिपत्रक आणि रात्री बिबट्या. उसाच्या पट्ट्यात बिबट्या ही काही कविकल्पना नव्हे, तो खराच आहे. पण ग्रुपवरचा बिबट्या मात्र जुन्नर, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर असा एकाच फोटोवर वर्षभर हिंडतो. कृषिकन्यांच्या बातमीसारखंच, गाव तेवढं बदलतं.

पण आवारातली सगळ्यात मोठी बातमी म्हणजे नवा वाण. तिची वाट बघणं म्हणजे संयमाची परीक्षा. आठ-दहा वर्षं निवड, चाचण्या, वेगवेगळ्या केंद्रांवर पेरून बघणं, मग शेतकऱ्याच्या रानात पेरून बघणं, आणि शेवटी चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, जिला सगळे ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात, त्या वाणाची उलटतपासणी. ही बैठक पाळीपाळीनं एकेका विद्यापीठात भरते. दुसऱ्या विद्यापीठाची माणसं समोर बसून विचारतात, ‘तुल्यबळ वाणापेक्षा हा सरस कसा?’ हे सगळं पार पडलं की मगच शिफारस आणि नाव. आडनाव ठरलेलंच असतं, ‘फुले’. पुढचं नाव घरात चर्चा करून ठेवल्यासारखं, वसुधा, रेवती, विक्रम, संगम, किमया.

रब्बी ज्वारीतल्या चौघी तर मला एकाच घरात आलेल्या सुनांसारख्या वाटतात. फुले अनुराधाला हलकी जमीन चालते, कुरकुर नाही. फुले सुचित्राला मध्यम लागते. फुले वसुधाला भारी हवी. आणि फुले रेवती म्हणते, मला भारीही हवी आणि पाणीही हवं. नगर-सोलापूरच्या शेतकऱ्याला या चौघींचे स्वभाव पाठ असतात. आपल्या रानाचा पोत बघून तो सोयरीक जुळवतो, आणि तरीही चुलीवरच्या भाकरीचा विषय निघाला की ‘मालदांडीची चव नाही बरं का’ म्हणून मोहोळच्या त्या जुन्या आज्जीची आठवण काढतोच. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना हे वाक्य किती वेळा ऐकावं लागलं असेल, कोण जाणे. बिचारे तेही घरी भाकरीच खातात.

उसाचं वेगळं. तिथं नावापेक्षा नंबरला मान. पाडेगावच्या केंद्रानं 1996 साली शिफारस केलेल्या ‘को 86032’चं नीरा असं गोड नाव आहे, पण ते सरकारी कागदावरच राहिलं. पारावरचा माणूस विचारतो, ‘यंदा काय, दोनशे पासष्ट लावला का शहाऐंशी?’ ऐकणाऱ्या पाहुण्याला वाटतं, मटक्याचे आकडे चाललेत. गाईलाही या आवारानं एक नाव दिलं, फुले त्रिवेणी. होल्स्टिन, जर्सी आणि आपली गीर, असा तीन रक्तांचा संगम. दूध पहिल्या दोघींकडून, आमच्या उन्हात टिकायची ताकद तिसरीकडून. प्रयागला न जाता त्रिवेणी गोठ्यातच बांधायची ही सोय मला पटते.

आता सेवेचं बघू. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पुढच्या पाच दिवसांत पाऊस, तापमान, वारा कसा राहील आणि त्यावरून रानात काय करावं, काय टाळावं. भाषा अगदी जपून वापरलेली. ‘आकाश अंशतः ढगाळ’, ‘तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता’, ‘पावसाची उघडीप पाहून फवारणी करावी’. मृगाच्या तोंडावर ‘75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये’. आमचा जिल्हा बहुतेक सगळा पर्जन्यछायेत. हे वाचून पाथर्डीकडचा एखादा शेतकरी शेजाऱ्याला म्हणतो, ‘तेवढा पडायचा म्हंजी दसराच उजाडंल की.’ म्हणतो आणि थांबतो मात्र, कारण दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणायची वेळ त्यानं एकदा नाही, अनेकदा भोगलेली असते. सल्ल्याची थट्टा करून तो पाळायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत.

2019 मध्ये हा सल्ला मोबाईलवर द्यायला ‘मेघदूत’ नावाचं ॲप निघालं. नाव ठेवणारा कुणीतरी रसिक असणार. कालिदासाच्या यक्षानं ढगाबरोबर निरोप धाडला होता. इथं ढगाचाच निरोप पोचवायचा आहे. यक्षाचं एक बरं होतं, ढग अलकेला पोचला की नाही याची चौकशी करायला कुणी आलं नाही. इथं शनिवारी सकाळी चहाच्या टपरीवर लगेच हिशेब मांडला जातो, ‘काल पडणार होता ना?’

आणि मग छापील सेवा, ‘कृषिदर्शनी’. दरवर्षी निघणारी जाडजूड डायरी. पीक, वाण, खतांच्या मात्रा, रोग, किडी, गाई-शेळ्या, सगळं एका जागी. शेतकऱ्याच्या घरी ती कालनिर्णयच्या जवळपास टांगलेली किंवा ठेवलेली सापडते, आणि कृषी खात्याच्या परीक्षा देणाऱ्या पोरांच्या खोलीत उशाशी. दोघंही तीच पानं वाचतात. एकाला पास व्हायचं असतं, दुसऱ्याला पीक वाचवायचं असतं. डायरी म्हणून तिच्यात रोजनिशी लिहिणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. कोऱ्या पानांवर उधारी आणि ट्रॅक्टरचे तास तेवढे लिहिलेले असतात.

या आवाराला पिनकोडसुद्धा स्वतःचा आहे. राहुरी गावाचा 413705, विद्यापीठाचा 413722. म्हणजे टपालखात्याच्या लेखी गाव वेगळं आणि विद्यापीठ वेगळं. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा लेटरहेड बदलली, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पिनकोड जिथल्या तिथं राहिला. एसटीच्या कंडक्टरनं तर आधीपासूनच सगळ्यांवर मात केलेली आहे. नगर-मनमाड रस्त्यावर तो फक्त ‘विद्यापीठऽऽ’ असं ओरडतो. कुठलं, कुणाचं, कुठल्या जिल्ह्यातलं, काही नाही.

त्या फाट्यावर उतरणाऱ्यांकडं मी मुद्दाम बघतो. पाठीवर सॅक घेतलेली पोरं उतरतात, तशी धोतर-टोपीतली माणसंही उतरतात. हातात पिशवी, पिशवीत कधी पानं पिवळी पडलेली डाळिंबाची फांदी, कधी अळीनं खाल्लेलं कणीस. हजेरीपटावर त्यांचं नाव नाही, ओळखपत्र नाही, पण फाटकातून आत जाताना ती बिचकत नाहीत. कुठल्या विभागात जायचं हे त्यांना कधी कधी पहिल्या वर्षाच्या पोरापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पोरगं ‘एंटोमॉलॉजी कुठंय?’ विचारत हिंडतं, आणि हे बाबा त्याला सांगतात, ‘किडीवालं ना? त्या पलीकडच्या इमारतीत.’ विद्यापीठाच्या परिवारात मी यांची गणना आधी करतो.

ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे, त्यांना हे आवडलं असतं असं मला वाटतं. ज्योतिराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो काही नुसता संताप नव्हता. त्यात मागण्यांची बारकाईनं मांडलेली यादीच आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा, पाणी रानात मुरेल असे बांध घाला, जनावरांची जात सुधारा, प्रदर्शनं भरवा, चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्या. आजच्या शिवारफेऱ्या आणि कृषी प्रदर्शनं त्याच यादीतली. फक्त प्रदर्शनात हल्ली आइस्क्रीमच्या गाड्यांपुढं बियाण्याच्या स्टॉलपेक्षा जास्त गर्दी असते, हे ज्योतिरावांना मी तरी कळवणार नाही.

जाता जाता या आवाराच्या वतीनं, त्यांनी मला सांगितलेलं नसताना, एक विनंती. पेरणीआधी माती तपासून घ्या. विद्यापीठात न्या, बाभळेश्वरच्या किंवा दहिगाव-नेच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या, जवळ पडेल तिथं न्या. वरचं गवत बाजूला करून रानात दहा-पंधरा ठिकाणी व्ही आकाराचे, वीतभर खोल खड्डे घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याशेजारची माती नको. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. माती ओली असेल तर सावलीत वाळवा. चिठ्ठीवर नाव, गट नंबर आणि मोबाईल नंबर लिहा. आणि नमुना कापडी पिशवीत आणा, युरियाच्या रिकाम्या गोणीत आणू नका. नाहीतर अहवालात तुमचं रान जिल्ह्यात पहिलं येईल आणि पीक मात्र शेजाऱ्याचं चांगलं येईल.