‘अलिव्हिएट’ : कृती, मात्रा आणि पथ्यं

गागोदे बुद्रुक आणि पंचक्रोशीतल्या ज्या मंडळींना इंग्रजी येतं, पण ते येतं हे लोकांना अजून कळलेलं नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. अशांनी सगळी डिक्शनरी पाठ करत बसू नये. एकच क्रियापद घोटावं : अलिव्हिएट. अर्थ, त्रास हलका करणं. हे काम ‘ईझ’ आणि ‘रिलीव्ह’ही करतात, पण बामच्या डबीवर आणि मलमाच्या ट्यूबवर छापून छापून त्यांचा रुबाब गेला. शिवाय ‘पेन रिलीफ’ म्हटलं की आपल्या तालुक्यात गैरसमज होतो. पेणपासून सुटका हवी असलेले लोक बरेच आहेत आणि त्यावर अजून मलम निघालेलं नाही.

आधी उच्चार. जोर ‘ली’वर द्यावा आणि शेवटचा ‘एट’ गिळू नये. घाईत ‘एलिव्हेट’ तर मुळीच म्हणू नये. ‘डॉक्टरांनी माझं दुखणं एलिव्हेट केलं’ म्हणजे वर चढवलं. असे डॉक्टर असतात, पण ते तोंडावर सांगायचं नसतं. दोन्ही शब्दांचं लॅटिन कूळ एकच, हलकेपणाचं. एकाच घरातल्या दोघांची तोंडं दोन दिशांना, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

मग कर्म. (व्याकरणातलं. गीता पुढे येईल.) अलिव्हिएट होतो तो त्रास, माणूस नव्हे. ‘द टॅबलेट अलिव्हिएटेड आजीज पेन’ हे बरोबर. ‘द टॅबलेट अलिव्हिएटेड आजी’ हे चूक, आणि आजीच्या देखत तर फारच. माणसालाच कर्म करायची हौस असेल तर ‘रिलीव्ह’ घ्यावं, मात्र जपून. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते, पण त्याला रिलीव्ह करत नाहीत. गर्दीत खिसेकापू पाकीट मारतो तेव्हा इंग्रज सभ्यपणे म्हणतो, त्याने साहेबांना पाकिटापासून रिलीव्ह केलं. आणि स्वतःलाच रिलीव्ह करायचं असेल तर इंग्रजीत माणूस आडोसा शोधतो. आपल्याकडेही ‘हलका होऊन येतो’ म्हणतात, त्यामुळे इथे साहेबाला हसण्यात अर्थ नाही.

अमुकाला तमुकापासून रिलीव्ह करण्याच्या या वाक्यरचनेचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र आपल्याच गावच्या माणसाच्या नावावर आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्याला जन्मलेल्या विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा, यांनी १८ एप्रिल १९५१ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाला सुरुवात केली आणि पुढे देशभर पायी हिंडून जमीनदारांना ४० लाखांहून अधिक एकरांपासून रिलीव्ह केलं. मागणी सहाव्या हिश्श्याची. खिसेकापूचं आणि विनोबांचं व्याकरण अगदी एकच. फरक इतकाच, की इथे देणारा हात जोडून उभा राही आणि कागदावर सहीही करी. त्यातली बरीच जमीन खडकाळ निघाली, म्हणजे काही दात्यांनीही आपला त्रास अलिव्हिएट करून घेतला.

विनोबांच्या गावात इंग्रजी मिरवावं का, असा आक्षेप पारावर येईल. त्यावर सांगावं, की वडिलांच्या आग्रहाने विनोबा बडोद्याच्या शाळेत फ्रेंच शिकले होते. गावाला परक्या भाषेचं वावडं नाही. साऱ्या भारतीय भाषांनी नागरी लिपीही वापरावी असं ते म्हणत. आम्ही त्यात इंग्रजीलाही बसवून घेतलं आहे, वरची वाक्यं पुन्हा पाहावीत.

आता मात्रा. सरकारी अर्जात हा शब्द सढळ हाताने वापरावा, कारण तो मुळात सरकारी प्रकृतीचा आहे. त्याने दुखणं बरं होत नाही, हलकं होतं, आणि किती हलकं झालं हे मोजायला तराजू नसतो. इंग्रजी फायलीत म्हणूनच ‘पॉव्हर्टी अलिव्हिएशन’ असतं. त्याच योजनेच्या मराठी पाटीवर ‘दारिद्र्य निर्मूलन’ येतं. इंग्रजी कागदावर गरिबी जराशी सैल होते, मराठी कागदावर ती मुळासकट उपटली जाते, आणि घरकुलाचा हप्ता दोन्ही भाषांत सारखाच उशिरा येतो. तेव्हा खोटं बोलायचं नसेल तर इंग्रजीत अर्ज करावा.

सरावासाठी मुंबई-गोवा महामार्ग उत्तम. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं ते वाहतुकीची कोंडी अलिव्हिएट करण्यासाठी. त्यानंतर रस्त्याने इतकी वर्षं दिली, की आमच्या पिढीला हे क्रियापद भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांत चालवता येतं. एरवी एवढा सराव फी भरूनही मिळत नाही.

पथ्य एकच, पण कडक. घरात आईशी बोलताना हा शब्द घेऊ नये. ‘औषधाने उतार पडला का रे?’ असं तिने विचारलं तर ‘पडला’ म्हणावं. ‘सिम्प्टम्स अलिव्हिएट झालेत’ म्हटलं की ती काळजीत पडते, नवसही बोलते. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळेना, तेव्हा तिने मराठीत मागितली. मराठीतलीही अवघड निघाली तशी म्हणाली, मग तूच कर. मुलाने मनावर घेतलं आणि १९३२ साली ‘गीताई’ छापून निघाली. तोवर ती माऊली हयात नव्हती. आईला कळेल असं बोलायला पंडितालाही इतकी वर्षं लागतात. आपण ‘पडला’ म्हणून सुटावं.

कधी शब्दच अंगावर येतो. मुलाखतीत तो आठवत नाही, घाम फुटतो. अशा वेळी विनोबांचा उतारा करू नये. त्यांनी दाखले चुलीत घातले. पुढे मार्च १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले असताना सुरतेलाच उतरले आणि गाडी बदलून काशीला गेले. ते त्यांना पचलं. आपण फार तर गणपतीच्या आदल्या दिवशी वडखळला उतरावं आणि चहा घ्यावा. हवा तर दुसराही घ्यावा, बस काही पुढे गेलेली नसते.