बटण चालेल, वायर नको

"मेंबरीणबाई, हायेस का गं?"

माझी ग्रामपंचायतीची मुदत कधीच संपली, पण अक्कांच्या लेखी मी अजून मेंबरीणच. कुंपणापलीकडून अशी हाक आली की एक तर दाखला हवा असतो, नाहीतर कुणाच्या तरी घरची बातमी द्यायची असते. आज दोन्ही होतं.

"आमचा धाकटा पाटी लावतोय. नळ, मोटर, दाराच्या कड्या, फ्यान, वायरिंग, समदं. नागेश्वराला जायच्या वाटंवर. तर वरच्या आळीची काय म्हनली ठावं हाय? परवाना न्हाई काढला तर पोलीस उचलून न्हेत्याल."

"तिच्या भाच्याला तीच कामं मिळावीत म्हणून म्हणाली असेल."

"ते तर हायच! पर लागतो का न्हाई, ते सांग."

"नळाला वायसर घालायला, कडी ठोकायला आपल्याकडं कोण परवाना विचारतंय? पुण्यात महापालिका प्लंबरला परवाना देते, ते तिकडचं. खरी मेख विजेत आहे, अक्का."

"अगं पर त्यो आयटीआय झालाय की! दोन वर्सं भोरला हेलपाटे घातले, वीजतंत्री म्हून."

"ते शिक्षण झालं. त्याच्या जोरावर वायरमनच्या परवान्याला अर्ज करता येतो. तो देतं विद्युत निरीक्षकांच्या खात्याचं अनुज्ञापक मंडळ. आणि तेवढ्यानं तो ठेकेदार होत नाही, ठेकेदाराचं लायसन वेगळं. नियम असा आहे बघा: बल्ब, पंखा, फ्यूज, बटण, घरातलं एखादं यंत्र जुनं काढून तसंच नवं बसवायचं असेल तर कुणीही बसवावं. पण नवी वायर ओढली, पॉइंट वाढवला, की ते काम लायसनवाल्या ठेकेदाराच्या नावावर, प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्याच हातून झालं पाहिजे. 1956 च्या नियमांत हे होतं, पुढं 2010 आणि 2023 ला नवे नियम आले, तरी हे काही सुटलं नाही."

अक्कांनी पदर तोंडाशी नेला. "आन् ते पुण्याचे बंगलेवाले अंगनभर दिवं लावून मागत्यात, ते गं?"

"तीच तर नवी वायर. तिथं एखाद्या ठेकेदाराच्या हाताखाली जाऊ दे त्याला. नवं मीटर घ्यायचं तरी महावितरणला ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो, धाकट्याची सही चालायची नाही."

एरवी सरकारी कागदांवर मी खूप तोंड सोडते, पण या नियमाला माझी काही तक्रार नाही. आपल्याकडं पावसाळ्यात भिंती चार महिने ओल सोडत नाहीत, आणि निम्म्या घरांत अर्थिंग म्हणजे काय ते विचारू नये. माझ्या जाऊबाईंचा लेक कॅलिफोर्नियात असतो. तिथं म्हणे 1 जानेवारी 2025 पासून हजार डॉलरच्या आतलं किरकोळ काम लायसनशिवाय करता येतं, आधी ही हद्द पाचशेची होती. पण हाताखाली माणूस ठेवला, किंवा कामाला नगरपालिकेची परवानगी लागत असली, की सवलत बंद. तिकडं पैशावरून ठरवतात, आपल्याकडं वायरीवरून. मला आपलं बरं वाटतं. शॉक काही बिलाचा आकडा बघून बसत नाही.

"मग ते शॉप ॲक्ट का फाप ॲक्ट?"

"2017 च्या कायद्यानं एकट्यादुकट्याच्या धंद्याला नोंदणी नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. त्याची पावती बँकेत खातं काढायला उपयोगी पडते. उद्यम नोंदणी आधारवर होते, फुकट. कुणी पैसे मागितले तर दारातूनच वाटेला लावा. जीएसटी सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर गेली तर."

"वीस लाख! मग मी हितं उभी राहून तुझ्याशी बोलंन व्हय?"

"आणि पाटी मराठीत. इंग्रजी लिहायचं तर लिहा, पण मराठी अक्षरं त्यापेक्षा बारीक नकोत. 2022 पासून लहान दुकानांनाही ते आहे."

अक्कांचा चेहरा पडला. पाटीवर मोठ्या अक्षरात 'हँडीमॅन सर्व्हिसेस' येणार होतं, हे मला त्यांच्या नातवाकडून आधीच कळलेलं.

"बरं, ती विश्वकर्मा योजना? पंधरा हजाराची हत्यारं मिळत्यात म्हनं."

"मिळतात. पाच टक्क्यांनी कर्जही, आधी एक लाख, मग दोन. पण त्यात 18 धंदे आहेत. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, कुलूपवालासुद्धा. नळवाला नाही, वायरमन नाही."

"म्हंजी बारा बलुत्यांचं अठरा केलं, तरी आमचा धाकटा वेशीभाईरच!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. जुन्या काळी सुताराचं, लोहाराचं वतन असे, गावात दुसऱ्यानं येऊन ते काम करायचं नाही. तोही परवानाच, फक्त जन्मानं मिळणारा. धाकट्याच्या धंद्याला ना ते वतन, ना नव्या यादीत जागा.

"तुमच्या दिरांना सांगा, सुतारकीत अर्ज करतील. पहिली तपासणी सरपंचांकडंच असते."

"त्यांच्याशी बोलनं न्हाई आमचं. बांधावरनं."

"मग धाकट्याला बांधकाम कामगार मंडळात घाला. प्लंबर, इलेक्ट्रिशियन चालतात तिथं. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा, ग्रामपंचायतीत भाऊसाहेब देतात."

"ती भांड्यांची पेटी मिळती, तीच का? वरच्या आळीच्या सुनंला मिळाली की! तिनं कवा घमेलं उचललं गं?"

इथून पुढं अर्धा तास त्या सुनेचा गेला. तो मी इथं लिहीत नाही, कारण आम्ही सगळे एकाच नळावर पाणी भरतो.

जाता जाता अक्का थांबल्या. "तुझ्या पडवीतलं बटण ठिनग्या उडवतंय म्हनत होतीस न्हवं?"

"हो. मेन स्विच बंद करूनच हात लावायचा म्हणावं."

"बटनाला परवाना लागत न्हाई, तूच बोललीस. सांच्याला धाडते त्याला. पर रोख दे बाई, उधारी न्हाई. पह्यलं गिऱ्हाईक हायेस."