डावी बाजू

मराठी ताटात सगळ्यात आधी मीठ वाढतात. मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. ही डावी बाजू म्हणजे माझं खरं जेवण. वरणभात केवळ तिला तोंडी लावायला. डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळून १६८/१०४ असा आकडा सांगितला आणि ही सगळी बाजूच कोसळली. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. म्हणजे चहाचा एक चमचा, तोही भाजी-आमटीतलं धरून.

"पापड चालेल ना?"

"पापडात मीठ, शिवाय पापडखार. सोडियम दोन्हीकडून."

"पण मला काहीच त्रास होत नाही हो!"

"होईल तेव्हा सांगायला तोंड चालेलच असं नाही."

घरी रक्तदाब मोजायचं यंत्र आलं. हाच दाब मोजायला स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली, तर रक्त आठ फुटांवर चढलं; १७३३ साली त्याने ते छापलं. त्या घोडीला निदान 'बोलू नका' असं कुणी म्हणालं नसेल. मला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून आधी पाच मिनिटं गप्प बसावं लागतं. एकतीस वर्षांच्या संसारात हिला एवढी शांतता कधी लाभली नव्हती. आता ती दिवसातून दोनदा मोजते.

गोळीने आकडा १२६/८० वर आला, तशी मी गोळी परस्पर बंद केली. "अहो, चष्म्याने दिसायला लागलं म्हणून चष्मा फेकून देता का?" ही म्हणाली. आठ दिवसांत आकडा मूळ गावी परतला.

खरं तर काकांचं पाहून मला आधीच शहाणपण यायला हवं होतं. सकाळच्या चहाला त्यांच्या हातातला कप कलला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले. घरात एकमत झालं: पित्त! कुणी कांदा फोडून हुंगवला, कुणी तळपाय चोळले. दवाखान्यात पोचेस्तोवर दुपार टळली. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे कांद्यात गेले.

परवा एका साखरपुड्याच्या पंगतीत काका माझ्या शेजारी होते. उजवा हात मांडीवर, जेवण डाव्या हाताने. वाढपी आला, तसा हिची नजर चुकवून मी पापड घेतला. काकांनी डावा हात लांबवला, माझ्या ताटातला पापड उचलला आणि शांतपणे स्वतःच्या ताटात ठेवला.

तिथून तो काकूंनी उचलला.