बोटाला शाई नसलेली निवडणूक

सिडनी, 5 मे 2025

ती. बाबा आणि आई यांस,


शनिवारी इथली निवडणूक पार पडली. मतदान शनिवारीच असतं, त्यामुळे मधल्या वारी सुट्टी मिळाली म्हणून महाबळेश्वर गाठायची सोय नाही.

बाबा, व्हिडिओ कॉलवर तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते "बोट दाखव". इथे बोटाला काही लावत नाहीत म्हटल्यावर तुमचा चेहराच पडला. साहजिक आहे. 1962 पासून म्हैसूरची शाई देशाला पुरली आणि इथे तिचा ठिपकासुद्धा नाही! ओळखपत्र मागत नाहीत. नाव विचारतात, पत्ता विचारतात आणि वर विचारतात, "या निवडणुकीत आधी मत दिलंत का?" आपण "नाही" म्हणायचं. त्यांचा विश्वास बसतो! मग हातात मतपत्रिका, आणि खूण करायला चक्क पेन्सिल. "खोडरबर घेऊन कोणी बसलं तर?" हा तुमचा प्रश्न मी इथे चारचौघांत विचारला नाही. उगाच कुणाच्या डोक्यात यायचं.

खालच्या सभागृहासाठी सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम द्यावा लागतो. नावडत्या माणसालाही शेवटचा का होईना, नंबर द्यायचाच. सिनेटची मतपत्रिका तर पंच्याएवढी. ती त्या पुठ्ठ्याच्या आडोशात उलगडताना शेजारच्या बाईंना माझं कोपर लागलं.

आई, मतदारांना खाऊ घालतात की काय, ही तुझी शंका रास्त होती. मतदान केंद्राबाहेर सॉसेज भाजतात ते खरं, पण ते शाळेच्या निधीसाठी. पावाच्या स्लाइसमध्ये सॉसेज, वर परतलेला कांदा. आम्ही नुसता कांदा-पाव मागितला, तर पालक संघाच्या बाईंनी पैसेच घेतले नाहीत. पुढच्या खेपेला कांदाभजीचा स्टॉल लावावा असं सूनबाईच्या मनात आहे.

पण खरी निवडणूक झाली ती आदल्या रात्री कॉलवर, तुमच्यात आणि तुमच्या नातीत. मत न दिल्यास वीस डॉलर दंड, हे ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हणजे हजारभर रुपये! पुण्यात लावला तर महापालिकेला मिळकतकर माफ करता येईल." आईचं म्हणणं, दंडाच्या भीतीने देवळात गेलेल्याला कसलं पुण्य? त्यावर नातीने इतिहास काढला: 1922 साली इथे साठ टक्केसुद्धा मतदान झालं नव्हतं, 1924 मध्ये सक्तीचा कायदा आला आणि पुढच्याच निवडणुकीत आकडा नव्वदच्या पुढे गेला. मग तिने विचारलं, "आजोबा, तुमचा नगरसेवक कोण?" तुम्ही पाणी प्यायला उठलात. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तेव्हापासून तिथे प्रशासक होता, हे तिला ठाऊक होतं. पोरगी सोळाची आहे. मत द्यायला अजून दोन वर्षं, पण यादीत नाव नोंदवून बसली आहे.

तरी बाबा, तुमची जीत झाली ती निराळ्याच ठिकाणी. लायब्ररीसमोर झाडाच्या मुळाने फुटपाथची फरशी उचलली आहे. नातीने तुमच्या पद्धतीने अर्ज लिहिला: विषय, संदर्भ, "महोदय", सगळं साग्रसंगीत. दोन प्रती घेऊन कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, कार्यालयात गेली आणि दुसरीवर पोच मागितली. काउंटरवरच्या मुलीने आयुष्यात पोच दिली नव्हती. "ईमेल करा ना," ती म्हणाली. नात हलली नाही. "माझे आजोबा पोच घेतल्याशिवाय कुठलंही कार्यालय सोडत नाहीत," असं तिने सांगितलं म्हणे. शेवटी कुठल्याशा खणातून तारखेचा शिक्का निघाला. तो उमटलेली प्रत आता तिच्या टेबलासमोर भिंतीवर आहे.

आठवड्याभरात एक माणूस आला आणि फरशीभोवती रंगाच्या फवाऱ्याने गोल काढून गेला. फरशी अजून तशीच आहे. हे ऐकून तुम्हाला जो आनंद झाला तो मी नीट पाहिला. "म्हणजे कामकाज आपल्यासारखंच आहे," म्हणालात.

तेव्हा तुमच्या हिरव्या फाईलमधला स्मरणपत्र क्रमांक एकचा मसुदा फोटो काढून लवकर पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास पुढे काय लिहायचं असतं, ते तिला अजून माहीत नाही.

तुमचा,
बंडू